खालून पाहिलेलं विमान

मु. पो. खैरवाडी, ता. खेड, जि. रत्नागिरी
२ ऑक्टोबर १९७४

प्रिय भाचा आणि जावई भीमराज यास खंडूमामाचा सप्रेम जयभीम.

पत्र लिहिण्यास कारण की, मला एक विमान पाहिजे.

दचकू नको. लाकडाचं पाहिजे, टेबलावर राहील एवढं. मागच्या मे महिन्यात तुझी आई इथं आली होती, तेव्हा घरोघर सांगत फिरली की माझा भीमराज पिंपरीला कंपनीत लाकडाचं वाट्टेल ते करतो. मग करून दाखव.

तुला ठाऊकच आहे, लढाईच्या काळात मी नेव्हीत होतो आणि कोचीनला पाण्यावरचं विमान चालवत होतो. गेली अठ्ठावीस वर्षं मी हे गावाला सांगतोय. निम्मं गाव ऐकून कंटाळलं, उरलेलं निम्मं मेलं. पण शाळेला नवीन मुख्याध्यापिका आल्यात, सुमनताई. त्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. त्या म्हणाल्या, सव्वीस जानेवारीला तुम्ही प्रमुख पाहुणे, मुलांना विमानाबद्दल सांगा.

म्हणजे स्टेजवर खुर्ची! आपल्या बौद्धवाडीतल्या माणसानं ते स्टेज बांधलं, दरसाल झाडलं, सभा झाल्यावर उचलून ठेवलं. त्यावर बसायला अजून कोणाला सांगितलं नव्हतं. सगळी वाडी नवीन कपडे शिवायला निघाली आहे.

आता अडचण ऐक. सरपंचांचे भाऊ उद्धवराव त्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आहेत. ते एस.टी.च्या थांब्यावर चारचौघांत म्हणाले, "विमान आणि पाण्यावर? पाण्यात म्हशी बसतात." लोक हसले. तेव्हा मला असं विमान करून दे की ते टेबलावर ठेवलं की उद्धवरावांचं तोंड बंद होईल.

वर्णन देतो. एकावर एक असे दोन पंख. पुढं एक पंखा. चाकं नाहीत, चाकांच्या जागी खाली दोन होडकी. साहेब लोक त्याला काहीतरी इंग्रजी नावानं हाक मारायचे. आम्ही पाणकोंबडी म्हणायचो.

कस्तुराला सांग, बापाला महिन्याला एक कार्ड टाकलं तर टपालखात्यावर एवढा काही ताण पडणार नाही.

तुझा मामा,
खंडू


पिंपरी
१९ ऑक्टोबर १९७४

प्रिय मामा, सप्रेम जयभीम.

लोक सासऱ्याकडं सायकल मागतात. माझा सासरा माझ्याकडं विमान मागतो. हे मी शिफ्टवरून आल्या आल्या कस्तुराला वाचून दाखवलं, तर ती हसायचं सोडून अभिमानानं शेजारी सांगायला गेली. तिच्यापुढं तुमची थट्टा करायची सोय नाही.

विमान करतो. फक्त आमच्याकडं लाकडाचं वाट्टेल ते होतं हा आईचा गैरसमज आहे. आमची फाउंड्री. मशीनचा जो भाग लोखंडाचा पाहिजे, तो मी आधी लाकडात करतो. मग तो वाळूत दाबून काढून घेतात आणि त्या खळग्यात लोखंड ओततात. लोखंड गार होताना आकसतं, म्हणून आमची मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून जरासा मोठा. मी आईला ही पट्टी दाखवली तर ती म्हणाली, "ही तर तुझ्या मामाकडं जन्मापासून हाय. त्याची कुठलीबी गोष्ट आधी गार होऊ दे, मग मोज."

लाकडाची सोय झाली. परदेशातून मशीन आलं, त्याचं खोकं देवदाराचं होतं. आमचे फोरमन हिंदुराव पाटील म्हणाले, तुकडे ने, पण गेटपास करून ने. पंखांना चहाच्या खोक्याचा प्लाय लावीन. पंखांच्या मधल्या काड्यांसाठी एक मोडकी छत्री मिळाली आहे, कस्तुरा म्हणते, मी हात लावेपर्यंत ती मोडकी नव्हती.

एका फुटाला अर्धा इंच धरतो, म्हणजे विमान दीड फूट लांब होईल. पण मला नीट माहिती पाहिजे. होडकी केवढी, कुठं जोडलेली? तुम्ही बसायचा ती जागा कशी होती? समोर काय काय होतं? डाव्या हाताशी काय, उजव्या हाताशी काय? वैमानिकाला खाली दिसायचं कसं, खालचा पंख आडवा येत नसे का? सगळं लिहा. जमलं तर चित्र काढा.

तुमचा,
भीमराज


खैरवाडी
६ नोव्हेंबर १९७४

प्रिय भीमराज, सप्रेम जयभीम.

चित्र काढलं आहे. मधे जे मोठं दिसतंय तो डाग आहे, विमान बाजूला आहे.

होडकी दोन. एकेक होडकं विमानाच्या अंगाच्या पाऊणपट लांब. नाक पुढं वर उचललेलं, जेवणात खोट काढणाऱ्या पाहुण्यासारखं. तळ सपाट करशील तर खबरदार. तळाला मधोमध धार असते. आणि मुख्य म्हणजे निम्म्यावर एक पायरी असते, चार बोटं उंच. पुढचा तळ खाली, मागचा तळ जरा वर. ती पायरी नसेल तर विमान कितीही पळालं तरी पाणी त्याला जळूसारखं धरून ठेवतं. पायरीपाशी वारा शिरतो, मग पाणी हात सोडतं.

एका होडक्यात पाच कप्पे, प्रत्येकावर गोल झाकण. उजव्या होडक्याच्या तिसऱ्या झाकणाचा स्क्रू कायम ढिला. कप्प्यात झिरपलेलं पाणी काढायला हातपंप लावायचा, एका कप्प्याला साठ हात मारावे लागत. तळाला बुचं, मागं दोन छोटी सुकाणू. डाव्या होडक्याच्या नाकापासून हातभर अंतरावर एक पोचा होता, नारळाएवढा. तो केलास तर मला फार बरं वाटेल. शेवाळ कडांना धरतं. शिंपले धरतात ते पायरीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथं खरवडणी पोचत नाही.

पंखांच्या पोटाला शिवणी असतात, दर वीतभर अंतरावर. तेलाचा ओघळ इंजिनाखालून मागं जातो आणि त्याचे दोन फाटे होतात.

बसायची जागा विचारलीस. पुढं एक खुर्ची होती, मागं एक होती. समोर घड्याळं होती. पुष्कळ होती. एक दांडा होता. दांडा ज्या बाजूला करू त्या बाजूला विमान वळतं. एवढं पुरे, तुला काय ते उडवायचं आहे?

दिवाळीत कस्तुराला पाठवशील असं वाटलं होतं. तुझ्या कंपनीला ओव्हरटाइम सुचला. असू दे.

तुझा,
खंडूमामा


पिंपरी
२७ नोव्हेंबर १९७४

प्रिय मामा, सप्रेम जयभीम.

होडकी झाली. पहिलं होडकं डब्यात घालून बाहेर आणत होतो तर गेटवर शिपायानं डबा उघडला. पोळीखाली होडकं! तो म्हणाला, हे काय? म्हटलं, सासऱ्याची मागणी आहे. हिंदुरावांना बोलावलं. त्यांनी गेटपास लिहून दिला, "एक नग होडी, अपूर्ण." तो कागद मी जपून ठेवला आहे.

रविवारी आई, मी आणि कस्तुरा पवनेच्या काठावर गेलो आणि होडकी एका फळीखाली ठोकून पाण्यात सोडली. डाव्या बाजूला ती असली कलंडली की धुणं धुणाऱ्या बायकांनी पिळे खाली ठेवून बघितलं. एक म्हणाली, "दादा, पोहायला शिकवा आधी तिला." चूक माझीच. देवदार संपला म्हणून डावं होडकं सागवानाचं केलं होतं, ते जड. ते फेकलं आणि नवीन केलं. आता दोन्ही सारखी तरंगतात. पायरीही केली आहे आणि नारळाएवढा पोचाही.

पण मामा, एक सांगू का?

मी तुमचं पत्र समोर ठेवून काम करतो. होडक्यांचा स्क्रू न् स्क्रू त्यात आहे. पंखांच्या पोटाची शिवण आहे. इंजिनाखालचा ओघळ आहे, त्याचे फाटेसुद्धा आहेत. आणि बसायच्या जागी काय आहे? "घड्याळं होती. पुष्कळ होती." तुमचं सगळं विमान खालूनच दिसतं, मामा! वरून काही दिसतच नाही.

मी पाच वर्षं कारखान्यात आहे. साहेबाला मशीन वरून ठाऊक असतं. मशीनचं पोट ठाऊक असतं ते फक्त पुसणाऱ्याला. शिंपले कुठल्या कोपऱ्यात बसतात हे वैमानिकाला कोण सांगायला जातं? तुम्ही विमान चालवत नव्हता, तुम्ही ते घासत होता! वैमानिक खंडू कुठले, खरवड्या खंडू! अठ्ठावीस वर्षं सगळ्या तालुक्याला गंडवलंत, मानलं तुम्हाला. हे मी चहाच्या सुट्टीत हिंदुरावांना सांगितलं तर ते हसून हसून बाकावरून पडायचे राहिले. आता आमचं लाकूडकामाचं सगळं पॅटर्नशॉप विचारतं, खरवड्याचं विमान कुठवर आलं?

काळजी करू नका, उद्धवरावांना मी सांगत नाही. पुढची माहिती लवकर पाठवा. वरची.

तुमचा,
भीमराज


(कार्ड)
पिंपरी, १४ डिसेंबर १९७४

मामा, सतरा दिवस झाले, पत्र नाही. रागावलात का? मी आपली थट्टा केली. प्रकृती कशी आहे ते तरी कळवा. पंख चिकटवले आहेत. – भीमराज


पिंपरी
२४ डिसेंबर १९७४

खंडू,

मी चिमाआक्का बोलते आणि कस्तुरा लिहिते. तुझी लेक लिहिते हे आधीच सांगते, म्हणजे तू कोपऱ्यात बसून वाचशील.

तुझ्या जावयानं तुला काय लिहिलं ते मला काल कळलं. तो मूर्ख हाय. पण मीच जन्म दिलाय, त्यामुळं परत कोणाला करणार? विमान कपाटावर उलटं पडलंय. त्याला हात लावत नाय. कस्तुरा त्याच्याशी बोलत नाय. त्याला मीठ पाहिजे असलं तर माझ्याकडं बघून म्हणते, "त्यांना मीठ द्या." तो दोन हातांच्या अंतरावर बसलेला असतो.

आता तुझं. तू लढाईवरनं आलास, तेव्हा तुझी पेटी मी उघडली होती. कपडे धुवायला. कपड्यांवरनं काय कळलं नाय, मग तुझे हात बघितले. बोटांच्या मधी भेगा, नखं पाण्यानं पांढरी, तळव्याला घट्टे. विमान चालवणाऱ्याचे हात असे नसतात, एवढं मला तेव्हाबी कळत होतं. तू काय काम करत होतास ते मी पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. आपल्या वाडीतली दुसरी पोरं नेव्हीत गेली, त्यांना काय काम दिलं ते मला ठाऊक नव्हतं काय?

(बाबा, मी कस्तुरा. इथं माझं लिहिणं थांबलं होतं. तिसरीत असताना एक मुलगी म्हणाली होती, तुझा बाप कसला वैमानिक? मी तिची वेणी धरून ओढली होती. थोडे केस हातात आले होते. ते आता मी कुणाला परत करू? आत्या म्हणते, पुढं लिही. लिहिते.)

मी बोलले नाय, त्याचं कारण आपला आबा. तू आल्यावर आबा काठी टाकून चालायला लागला. माझा पोरगा विमानात बसला, म्हणून. मरेपर्यंत ताठ चालला. त्याची मान मी कशाला वाकवू?

पण आबा जाऊन बारा वर्षं झाली, खंडू. आता कोणासाठी खोटं बोलतोस? आणि बोललास तर बोललास, आता तोंड का लपवतोस? खरं काय ते एकदा लिहून टाक. नायतर मी स्वतः एस.टी.नं येईन, आणि मला घाटात ओकारी येते हे तुला ठाऊक हाय.

आक्का

(बाबा, लिहा. मी वाचीन. – कस्तुरा)


खैरवाडी
४ जानेवारी १९७५

प्रिय भीमराज, जयभीम.

तुझ्यावर राग नाही. तू बरोबर ओळखलंस. कारागीर आहेस, ओळखणारच. राग आला तो हिंदुरावांना सांगितलंस त्याचा.

नेव्हीत भरती झालो तेव्हा मी बंदूक मागितली होती. त्यांनी जात विचारली. मी सांगितली. मग त्यांनी झाडू दिला. आमच्या हुद्द्याला टोपास म्हणत. ऐकायला मोठं साहेबी वाटतं. काम साहेबांचे संडास आणि मोऱ्या झाडायचं.

पुढं कोचीनला ती पाणकोंबडी आली. तिची होडकी घासायला कमरेइतक्या पाण्यात दिवसभर उभं राहावं लागे, त्याला कोणी तयार होईना. मला धाडलं. ते काम मला आवडलं. दोन होडक्यांच्या मधे सावली असते. डोक्यावर पंख, सगळीकडं पाणी, आणि तिथं कोणी हुकूम द्यायला वाकत नाही. दोन वर्षं मी तिचं पोट घासलं. पोचा कशानं पडला, बुच कुठलं गळतं, हे साहेबसुद्धा मला विचारायचे. खुणेनं विचारायचे, पण विचारायचे.

एकदा तिचं इंजिन दुरुस्त केलं आणि साहेबाला ते उडवून बघायचं होतं. मागची खुर्ची काढलेली होती. मागं वजन नसेल तर विमान नाक खाली घालतं, म्हणून वाळूची पोती ठेवतात. त्या दिवशी पोती नव्हती. साहेबानं इकडं तिकडं पाहिलं आणि मी दिसलो. मला वजनाच्या काट्यावर उभं केलं. मग मागच्या बाजूला पालथं झोपवलं आणि हलू नये म्हणून दोरीनं बांधलं. वर ताडपत्री. पोत्यासारखंच सगळं.

तेव्हा मी उडालो, भीमराज. ते खोटं नाही.

खाली पत्र्याला रुपयाएवढं एक भोक होतं. त्याला डोळा लावून मी पडलो होतो. आधी पांढरा फेस दिसला. मग पायरीनं पाणी सोडलं. ते मला पोटाला कळलं. मी स्वतःच्या हातांनी घासलेली पायरी ती! त्यानंतर नुसतं निळं पाणी. जमीन नाही, माणूस नाही, बोट नाही. मग मला उलटी झाली आणि तेही दिसेनासं झालं. नऊ मिनिटं झाली म्हणे. उतरल्यावर वहीत साहेबाचं नाव लिहिलं. माझं लिहिलं नाही. "वजन, एकशे अठरा पौंड" असं लिहिलं. एका लिहिणाऱ्यानं मला ते वाचून दाखवलं.

गावी आलो आणि म्हटलं, मी विमानातून गेलो. आबा म्हणाला, "चालवलंस?" मी फक्त नाही म्हटलं नाही. बाकीचं लोकांनीच केलं. नंतर मी थोडी भर घातली. नंतर पुष्कळ घातली.

उद्या सुमनताईंना कळवतो की मला हिवताप आला. वाडीचं हसं नको. विमान पाठवू नकोस. तुम्हाला पुढंमागं पोर झालं तर त्याला दे.

कस्तुराला म्हणावं, त्या मुलीचं लग्न झालं, केस भरपूर आहेत.

खंडू


पिंपरी
१७ जानेवारी १९७५

प्रिय मामा, सप्रेम जयभीम.

हिवताप रद्द करा.

तुमचं पत्र कस्तुरानं आधी वाचलं. चुलीपाशी उभ्यानं वाचलं, भात करपला. मग माझ्याशी तीन आठवड्यांनी पहिलं वाक्य बोलली. ते लिहिण्यासारखं नाही. दुसरं वाक्य होतं, "कपाटावरचं विमान खाली काढा."

माझं चुकलं, मामा. मला वाटलं, मोठा चोर पकडला. तुम्ही पाण्यात दोन वर्षं उभे होता हे डोक्यातच आलं नाही. मी हिंदुरावांकडं गेलो आणि सांगितलं की तुम्हाला सांगितली ती गोष्ट अर्धीच होती, उरलेली ऐका. त्यांनी सगळं ऐकलं. संध्याकाळी शिफ्ट सुटताना मशीनला मारायचा राखाडी रंग एका डबीत आणून दिला आणि म्हणाले, "दोन हात मार. पहिला वाळू दे."

तर विमान पुरं झालं. रंग हिंदुरावांचा, ब्रश कस्तुराचा. पंख ताणून बांधायच्या तारा सायकलच्या ब्रेकच्या तारेतून सोडवून काढल्या. वैमानिकाच्या जागी घड्याळं केली. पुष्कळ केली.

आता नीट वाचा. शेपटीच्या अलीकडं वरच्या बाजूला एक झाकण आहे. नखानं उचललं की निघतं, दाबलं की बसतं, सांधा दिसत नाही. आत तुम्ही आहात. सागवानाचे, अडीच इंच आणि थोडे जास्त. पालथे. मी पाय सरळ केले होते. कस्तुरा म्हणाली, "बाबा पालथे झोपले की उजवा पाय दुमडतात." मी म्हटलं, दोरीनं बांधलेला माणूस पाय कसा दुमडेल? ती म्हणाली, "दुमडतात म्हणजे दुमडतात." पुन्हा केला. तुमच्या डोळ्याखाली भोक आहे. मापानं केलं असतं तर सुईच्या टोकाएवढं झालं असतं, म्हणून मोठं केलं.

झाकण उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. बंद ठेवलंत तर उद्धवरावांच्या बापालाही कळणार नाही. आम्ही तिघं तोंड उघडणार नाही. आई तर अठ्ठावीस वर्षं गप्प आहे, आणि आईला गप्प बसणं किती जड जातं ते तुम्ही जाणता.

आमच्याकडं मालोजी म्हणून चिपळूणकडचा मोल्डर आहे, वाळूत साचे दाबणारा. तो वीस तारखेला रजेवर निघतो. खोकं त्याच्या मांडीवर येईल. त्याला जेवू घाला.

तुमचा,
भीमराज


खैरवाडी
२९ जानेवारी १९७५

प्रिय भीमराज आणि चि. कस्तुरा यांस सप्रेम जयभीम. आक्काला नमस्कार.

मालोजी आला, जेवला, परत वाढून घेतलं. खोकं त्यानं खरंच सगळी वाट मांडीवर धरलं होतं.

विमानाचं खोकं मी एकटा असताना उघडलं. होडकी उलटी करून पायरीच्या कोपऱ्यात बोट घातलं. बोट पोचत नाही. भीमराज, बरोबर केलंस. झाकण मात्र उघडलं नाही. म्हटलं, मला मी ठाऊक आहे.

सव्वीस तारखेला स्टेजवर तीन खुर्च्या. मधे उद्धवराव, एका बाजूला सुमनताई, एका बाजूला मी. खुर्चीचा एक पाय आखूड होता, पण मी डुलत बसलो. आपली वाडी पुढं दाटीनं बसली होती. विमान टेबलावर ठेवलं तेव्हा शाळेतली पोरं उभी राहिली. उद्धवरावांचं तोंड खरंच बंद झालं, तुला म्हटलं होतं तसं.

मग मला बोलायला सांगितलं. मी खरं बोलायचं ठरवून गेलो नव्हतो आणि खोटं बोलायचंही ठरवलं नव्हतं. जीभ आपली सवयीनं निघाली. म्हटलं, मी सकाळी विमानात बसायचो, साहेबाला सलाम ठोकायचो. टाळ्या पडल्या. तेवढ्यात उद्धवराव माइककडं वाकले आणि म्हणाले, "खंडू, दांडा कुठल्या हातानं धरायचा रे?"

भीमराज, मला ठाऊक नाही. अजूनही नाही. डावा म्हणावं की उजवा? निम्मी-निम्मी शक्यता होती, सांगून टाकलं असतं तर निभावलं असतं. पण पुढं बसलेल्या वाडीकडं पाहिलं. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडं, नवीन कपड्यांत. मला एकदम कंटाळाच आला. दर वर्षी कोणीतरी विचारणार, आणि दर वर्षी मी डावा की उजवा करत बसणार.

म्हटलं, "थांबा." आणि झाकण उघडलं.

उद्धवरावांनी आत पाहिलं. "हा कोण?"

"तो मी," म्हटलं. "वजन म्हणून घातला होता."

पहिल्यांदा कोणी हसलंच नाही. मग सगळं सांगितलं. वाळूची पोती, काटा, दोरी, ताडपत्री. उलटीचं सांगितलं तेव्हा पोरं हसायला लागली, मग बाया, मग सगळे. मला वाटलं होतं, ते हसणं अंगाला लागेल. नाही लागलं. उलट मी उलटी जरा वाढवून सांगितली.

उद्धवराव उठले. माइकमधेच म्हणाले, "म्हणजे तू झाडूवाला होतास!"

"व्हय," म्हटलं. "साहेबांचे संडास झाडले, विमानाची होडकी घासली. तुम्ही कधी वर गेलात, उद्धवराव?"

"मी? नाही."

"मग बसा."

ते बसले. ते का बसले ते त्यांनाही कळलं नसावं.

मग मी विमान उलटं केलं आणि पोरांना पायरी समजावली. पाणी कसं धरतं, वारा कसा शिरतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण एकदाही अडखळलो नाही. पोरांनी विमान हातोहात फिरवलं. छत्रीची एक काडी तुटली, दुसरी पाठव. सुमनताईंनी विमान शाळेच्या कपाटात ठेवायला मागितलं. दिलं.

वाडीतले लोक परतताना माझ्याकडं न बघता चालले होते. मला धाकधूक वाटली. ओढ्यापाशी आल्यावर आपली यशोदाबाई म्हणाली, "खंडू, इतकी वर्षं ही चांगली गोष्ट ठेवून ती दुसरी भिकार कशाला सांगत होतास?"

आता शेवटचं. काल दुपारी उद्धवराव माझ्या अंगणात आले. ओढा ओलांडून या बाजूला ते मतं मागायला येतात, तेही दारापर्यंत नाही. म्हणाले, म्हैस चुकली, इकडं आली का? त्यांची म्हैस त्यांच्याच गोठ्यात होती, सकाळी मी तिथूनच आलो होतो. मी घोंगडी टाकली. ते टेकले. चहा केला. त्यांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून बसले.

"खंडूभाऊ," म्हणाले. भाऊ कुठून आला ते मला कळलं नाही. "खरं सांग. वर गेल्यावर गाव केवढं दिसतं रे?"

मी म्हटलं, "दिसतं की. पण फार बारीक. तुमचं घर कुठलं न् आमचं कुठलं, वरून काय कळत नाय."

 मग ते चहा प्यायले, सगळा.

त्या भोकातून मला पाण्याशिवाय काही दिसलं नव्हतं, हे तुम्हा दोघांना ठाऊक आहे. पण अठ्ठावीस वर्षांची सवय, एकदम कशी सुटेल?

तुमचा,
खंडू